पाण्यात सुती कपडा का चालत नाही?
वॉटर पार्क आणि लहान मुलांचा पोशाख : व्यापारी व कारागिरांसाठी माहिती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलाबाळांना घेऊन वॉटर पार्कला जायचे, ही आता केवळ मुंबईच्या बड्या घरांची हौस राहिलेली नाही. १९९८ साली मुंबईजवळ गोराईला वॉटर किंगडम सुरू झाले, २०१४ साली खोपोलीजवळ इमॅजिकाचे वॉटर पार्क उघडले. लहान शहरांच्या वेशीवरही पाण्याच्या घसरगुंड्या उभ्या राहिल्या. भिवंडी, मालेगाव, जालना, सोलापूर येथून शाळांच्या सहली आणि नातेवाइकांनी भरलेल्या गाड्या तिकडे जातात. घरातून निघताना आईने मुलांना स्वच्छ धुतलेला सुती कुर्ता-पायजमा, मुलीला कॉटनचा फ्रॉक किंवा सलवार-कमीज घातलेला असतो. पार्कात पोहोचल्यावर पाटी दिसते : सुती कपड्यात पाण्यात उतरण्यास मनाई; फक्त नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख.

मग काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. एक तर अनामत भरून भाड्याचा पोशाख घ्यायचा, ज्यात तीन-चार वर्षांच्या मुलाचे माप बहुधा नसते. नाहीतर तिथल्या दुकानातून मिळेल तो महाग पोशाख घ्यायचा. ज्या घरांना आपल्या मुलीने उघडा पोशाख घालू नये असे वाटते, त्या घरची सहा-सात वर्षांची पोर काठावर बसून भावंडांचे कपडे सांभाळते. तिकीट तिचेही काढलेले असते.

आपल्या धंद्यातील पुष्कळ लोक म्हणतात की हा नियम भाडे कमावण्यासाठी केलेला आहे. त्यात थोडे तथ्य असेलही. परंतु नियमाचे मूळ कारण कपड्यातच आहे, आणि कपड्याचा व्यापार करणाऱ्याने ते समजून घेतले पाहिजे. कारण गिऱ्हाईक हा प्रश्न प्रथम आपल्यालाच विचारते.

सुताचा गुण पाण्यात अवगुण ठरतो

सूत पाणी पिते, म्हणूनच ते अंगाला सुख देते. प्रमाणित हवेत कापसाच्या धाग्यात सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरला जातो, नायलॉनमध्ये चार टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सूत खरेदी करणाऱ्यांना हा हिशोब नवा नाही, कारण ओलाव्याचे वजनही सुताच्याच भावाने विकले जाते. हीच गोष्ट हौदात अनेक पटीने होते. अडीचशे ग्रॅमचा सुती जोड पाण्यातून बाहेर काढा, न पिळता तोलून पाहा. तो सहज दुप्पट-अडीचपट भरेल. मोठ्या माणसाला हे वजन काही नाही. पण तीन वर्षांच्या मुलाचे स्वतःचे वजनच बारा-चौदा किलो असते. त्याच्या पायात ओला पायजमा गुंडाळला गेला की गुडघाभर पाण्यातही ते तोंडावर पडते आणि उठू शकत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. ओला सुती कपडा अंगाला चिकटून राहतो, लवकर वाळत नाही, आणि वाळताना अंगातील उष्णता ओढून घेतो. मूल जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त. म्हणून ते मोठ्यांच्या आधी गारठते. मे महिन्याच्या उन्हातही मुलांचे ओठ निळे पडलेले आणि दात वाजताना आपण पाहतो, त्याचे एक कारण हा ओला कपडा असतो.

पार्कवाल्यांची कारणे वेगळी आहेत. सुती कपड्यातून तंतू सुटतात आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. सैल घेर, नाडी, ओढणी घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकते. धातूचे हूक, चेन, बटण यांनी फायबरची घसरगुंडी ओरखडते आणि मागून येणाऱ्या मुलाची पाठही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. पाटीवर ‘सिंथेटिक’ वाचून काही पालक मुलीला जॉर्जेट, साटीन किंवा क्रेपचा घेरदार फ्रॉक घालून आणतात. धागा पॉलिएस्टर आहे, नियम पाळला गेला. पण ताण्या-बाण्याचा विणलेला सैल कपडा पाण्यात फुगतो, तोंडावर येतो, पायात येतो. पाण्यासाठी धागा योग्य हवाच, त्याबरोबर तो ताणून पुन्हा जागेवर येणारा असला पाहिजे. म्हणजे होजियरीसारखा विणलेला, अंगाबरोबर राहणारा कपडा.

नायलॉन की पॉलिएस्टर?

बाजारात ज्याला सर्रास ‘लायक्रा’ म्हणतात तो वास्तविक कपडा नव्हे. तो रबरासारखा ताणला जाणारा एक कृत्रिम धागा आहे, त्याचे खरे नाव स्पँडेक्स किंवा इलॅस्टेन. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ साली तयार केला. नायलॉनही त्याच कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झाले. लायक्रा हे नोंदलेले व्यापारी नाव आहे. त्यामुळे साध्या स्पँडेक्सच्या मालावर ‘लायक्रा’ छापून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर माल विकणे आहे. लेबलवर स्पँडेक्स किंवा इलॅस्टेन लिहावे.

पोहण्याच्या कपड्यात साधारणपणे ऐंशी टक्के नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि पंधरा ते वीस टक्के स्पँडेक्स असते. नायलॉनचा कपडा हाताला मऊ, अंगाला नाजूक लागतो आणि चांगला बसतो. पॉलिएस्टर थोडे कोरडे लागते, पण पाणी कमी धरते, लवकर वाळते, आणि क्लोरीनपुढे त्याचा रंग व ताकद जास्त टिकते. पॉलिएस्टरला सुमारे १३० अंशांवर दाबाखाली डिस्पर्स रंगाने रंगवतात, तो रंग धाग्याच्या आत बसतो. नायलॉनवर बहुधा अॅसिड रंग असतो, तो क्लोरीनच्या पाण्यात लवकर फिका पडतो. वर्षातून दोन-तीनदा घालायचा मुलाचा पोशाख कोणताही चालेल. आठवड्यातून तीन दिवस पोहायला जाणाऱ्या मुलासाठी मात्र पॉलिएस्टर घ्यावे, आणि मिळाल्यास पीबीटी जातीचे, कारण त्यात स्पँडेक्सशिवायच पुरेसा ताण असतो.

क्लोरीन प्रथम खाते ते स्पँडेक्सला. पोशाख सैल पडतो, आसनाजवळ लोंबू लागतो, ताणला की आतून तुटलेल्या पांढऱ्या धाग्याची टोके दिसतात. अशा वेळी दोष शिलाईचा समजून गिऱ्हाईक कारागिराशी भांडते.

माल घेताना काही परीक्षा दुकानातच करता येतात. कपडा उभा व आडवा दोन्ही बाजूंनी दीडपट ताणून सोडावा. मूळ जागी आला नाही, किंवा एकाच बाजूने ताणला गेला, तर तो ‘फोर वे’ नव्हे, विकणारा काहीही म्हणो. ओला तुकडा छापील कागदावर ताणून धरावा. अक्षरे वाचता आली तर अस्तराशिवाय तो पोशाखाला घेऊ नये. पांढरा, फिका पिवळा, पोपटी हे रंग या परीक्षेत बहुतेक नापास होतात. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग उतरतो का पाहावे. धागा ओळखायचा असेल तर आपली जुनी काडेपेटीची रीत आहेच : सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर काळा धूर सोडून कडक काळा मणी बनते, नायलॉन आक्रसून वितळते आणि त्याचा धूर इतका काळा नसतो. जाळून पाहताना धागा चिमट्यात धरावा. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर कातडीसकट निघतो.

रंगाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती सौंदर्याची नाही. हौदाचा तळ बहुधा निळा किंवा पांढरा असतो. आयांना मुलांसाठी आकाशी, समुद्री, पांढरा रंग आवडतो. नेमके हेच रंग पाण्याखाली दिसेनासे होतात. बुडणारे लहान मूल आरडाओरड करत नाही, मुकाट्याने खाली जाते. गर्दीच्या हौदात ते नजरेस पडणे हाच त्याचा बचाव. भडक नारिंगी, झगमगीत गुलाबी, लाल असे रंग दुकानात पुढे मांडावेत आणि कारण सांगून विकावेत. मात्र पोशाख कितीही चांगला असला, बाहीवर हवेच्या पिशव्या बांधलेल्या असल्या, तरी पाण्यातील लहान मुलापासून मोठ्या माणसाने हातभर अंतरावरच राहायचे.

वाढत्या अंगाचा पोशाख नको

आपल्याकडे मुलाचा कपडा दोन बोटे मोठा शिवण्याची पद्धत आहे. ईदचा शेरवानी-कुर्ता पुढच्या वर्षीही यावा, मग धाकट्याला व्हावा. बाहेरच्या कपड्याला ही काटकसर शोभते. पाण्याच्या पोशाखाला ती चालत नाही. सैल पोशाखात पाणी भरते, गळ्यातून फुगतो, घसरगुंडीवरून खाली येताना वर सरकतो. हा कपडा कोरड्या अंगाला थोडा घट्टच बसला पाहिजे. म्हणून पॅटर्न अंगाच्या मापापेक्षा कमी काढतात. किती कमी ते कपड्याच्या ताणावर ठरते, सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास.

एकसंध पोशाखात छाती आणि कमरेपेक्षा महत्त्वाचे माप वेगळेच आहे. खांद्यावरून टेप खाली आसनातून नेऊन मागून पुन्हा त्याच खांद्यावर आणावा. हे माप चुकले तर पोशाख खांद्याला काचतो किंवा खाली लोंबतो, छाती कितीही बरोबर असो. लहान मुलांना दर तासाला लघवीला न्यावे लागते आणि ओला एकसंध पोशाख उतरवणे म्हणजे आईची परीक्षा. म्हणून पाच वर्षांखालच्यांसाठी वर-खाली दोन भागांचा पोशाख बरा. वरचा भाग कमरेला आतून छोट्या फितीने खालच्या भागाला अडकवता आला की तो पाण्यात वर जात नाही.

शिलाई साध्या मशिनीची चालणार नाही. सिंगल नीडलची टाचणी कपडा ताणला की टचकन तुटते. आतून ओव्हरलॉक, वरून फ्लॅटलॉक हवे. सांधा चपटा बसला की मुलाच्या काखेत आणि मांडीत घासत नाही. सुई गोल टोकाची, स्ट्रेचची घ्यावी. साधी टोकदार सुई स्पँडेक्सचा धागा कापते आणि दोन महिन्यांनी शिलाईच्या रेषेत भोके दिसतात. धागा पॉलिएस्टरचा. इलॅस्टिक पोहण्याच्या कपड्याचे, क्लोरीन सोसणारे मिळते, तेच वापरावे. पायजम्यात घालतो ते सुती वेष्टनाचे इलॅस्टिक पाणी पिऊन लोळागोळा होते. टिकल्या, खडे, मोती लावू नयेत. ते सुटतात आणि लहान मूल सुटलेली वस्तू प्रथम तोंडात घालते. गळ्याला नाडी बिलकूल नको. युरोपच्या २००४ सालच्या ईएन १४६८२ या मानकाने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यात गळ्याला व टोपीला नाडी ठेवण्यास मनाई केलेली आहे. निर्यातीचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना ती अट माहीत असते. तेच कारागीर घरच्या बाजाराचा माल शिवताना मात्र हौसेने गळ्याला गोंडे लावतात.

पूर्ण बाह्यांचा पोशाख

आता काठावर बसलेल्या त्या मुलीकडे येऊ. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत पाय आणि वरून मांड्यांपर्यंत झालर असलेला पोशाख योग्य कपड्यात शिवला, तर वॉटर पार्कचा कपड्याबाबतचा नियम त्याने पुरा होतो. हा पोशाख केवळ आपल्या समाजाची गरज आहे असेही समजू नये. ऑस्ट्रेलियात कडक उन्हामुळे कातडीच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथे आणि न्यूझीलंडमध्ये उन्हापासून वाचवणाऱ्या कपड्यांचे मानक १९९६ सालीच निघाले, आणि तेथील गोरी मुले समुद्रावर पूर्ण बाह्यांचे पोशाख घालून खेळतात. सिडनीच्या अहेदा झनेट्टी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या बाईंनी २००४ साली ‘बुर्किनी’ तयार केली तीही त्याच देशात. अशा कपड्यावर ‘यूपीएफ ५०’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ उन्हातील अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत येतो. पातळ पांढरा सुती शर्ट भिजला की त्याचे हे संरक्षण आणखी घटते. म्हणून मुलाला ऊन लागू नये म्हणून सुती शर्ट घालून पाण्यात सोडणे फसवे आहे. मात्र प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणीही लेबलवर हा आकडा छापू नये.

डोके झाकायचे असेल तर पोशाखालाच जोडलेली टोपी किंवा पोहण्याची घट्ट टोपी घालावी. सुटी ओढणी, स्कार्फ, पिनांनी बांधलेला हिजाब लाटांच्या हौदात आणि घसरगुंडीवर जिवावर बेतू शकतो. गळ्यातला ताईत, काळा दोरा, चांदीची साखळी, पायातले पैंजण काढून आईने आपल्याजवळ सांभाळावे. दोरा तुटत नाही, हीच पाण्यात भीती आहे.

पोशाखाच्या आत सुती चड्डी-बनियन घालण्याची चाल फार आहे. ती ओली राहून मांड्यांत घासते आणि संध्याकाळपर्यंत मुलाला चालवत नाही. पोशाखाचे अस्तर हेच आतले वस्त्र समजावे. तान्ह्यांना नेहमीचा डायपर घालून पाण्यात सोडू नये. त्यातील भुकटी पाणी ओढून फुगते आणि डायपर फाटतो. पाण्यातले डायपर वेगळे मिळतात. ते फक्त शी अडवतात, लघवी अडवत नाहीत, हे विकताना सांगावे. जुलाब झालेल्या मुलाला तर हौदात उतरवूच नये. काही जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस जगतात.

धंद्याच्या अंगाने

हा कपडा आपल्या भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूमवर निघत नाही. तो निटिंगच्या यंत्रावरचा माल आहे. सुरत, लुधियाना, तिरुपूर येथे असा निटिंगचा माल बनतो. आपला वाटा शिलाईत आहे. ज्यांच्याकडे ट्रॅकसूट किंवा टी-शर्टसाठी ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक आहेत त्यांना नवीन यंत्र लागत नाही, सुई-धागा आणि पॅटर्न बदलावे लागतात. सुरुवातीला तीन ते दहा वर्षांच्या मुलींचे पूर्ण बाह्यांचे पोशाख थोड्या मापांत, दोन-तीन गडद व भडक रंगांत शिवावेत. विक्री मार्च ते जून, म्हणून कपडा जानेवारीतच घ्यावा. उरलेला माल पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. उष्णतेने स्पँडेक्स पडून पडूनही मरते आणि पुढच्या हंगामात नवा कोरा पोशाख पहिल्याच दिवशी सैल होतो.

बिलाबाबत : होजियरीच्या पोहण्याच्या कपड्यांचा एचएसएन क्रमांक ६११२ आहे. पण ८६ सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे होजियरीचे कपडे ६१११ मध्ये जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के आहे. पूर्वी १००० रुपयांपुढेच १२ टक्के लागत असे.

पोशाखाबरोबर एक चिठ्ठी द्यावी. पाण्यात उतरण्यापूर्वी पोशाख साध्या नळाच्या पाण्याने भिजवावा, म्हणजे तो क्लोरीनचे पाणी कमी ओढतो. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून काढावा. पिळू नये, गरम पाणी किंवा ब्लिचिंग वापरू नये, उन्हात न टाकता सावलीत वाळवावा. ओला पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवला तर गडद रंग फिक्यावर उतरतो. घरी पोहोचेपर्यंत तो टॉवेलात गुंडाळून न्यावा.

आणि टॉवेल मात्र सुतीच हवा. मूल पाण्याबाहेर आले की सुताचा पाणी पिण्याचा गुण पुन्हा कामी येतो. सोलापूरचा टेरी टॉवेल मधोमध गळ्याएवढा कापून, कडेला पट्टी लावून, वर टोपी जोडली की मुलाच्या डोक्यावरून घालता येतो. मूल त्यातच कोरडे होते आणि आईला आडोसा न शोधता आतल्या आत कपडे बदलता येतात. यासाठी फ्लॅटलॉकही लागत नाही, घरच्या साध्या मशिनीवर हे काम बायका करू शकतात. पोशाखाच्या शेजारीच तो टांगून ठेवावा.